एकाच पायावरच्या वीस उड्या

कॉलेजात असताना मी बास्केटबॉलच्या मैदानात उतरले की समोरचा संघ अर्धा हरलेला असायचा. हे सांगितलं की माझ्या संघातल्या पोरी डोळे फिरवतात. फिरवोत बापड्या. कॉलेजच्या व्यायामशाळेत माझा फोटो अजून लटकतोय. त्यात मी हवेत आहे आणि माझा डावा गुडघा धड आहे. पुढच्या दोन महिन्यांत तो कामातून गेला. तेव्हा मी बावीस वर्षांची होते.

मग शाळाशाळांतून शिट्ट्या वाजवल्या. माझ्याहून कमी समजणाऱ्या पुरुष प्रशिक्षकांच्या हाताखाली चेंडू गोळा केले. एकोणीस वर्षं अशी काढल्यावर एका व्यावसायिक क्लबनं मला मुख्य प्रशिक्षक केलं. "उंटावरून शेळ्या हाकायच्या आणि वर पगार घ्यायचा," आई म्हणाली. पण शेजाऱ्यांना पेढे वाटल्यासारखी बातमी तिनंच वाटली.

या वर्षी आम्ही उपांत्य सामन्यापर्यंत पोचलो. अध्यक्षांनी मला बोलावून गोड शब्दांत सांगितलं, की अंतिम सामना गाठला नाही तर पुढच्या वर्षी नवा प्रशिक्षक. म्हणजे सगळी भिस्त शिडीवर. शिडी आमची सर्वांत उंच खेळाडू, वय वर्षं वीस. तिची आई शिवणकाम करते. तयार पँट हिला कायम आखूड, म्हणून आई खाली वेगळ्या रंगाची पट्टी जोडते, आणि ही भवानी तीच फॅशन म्हणून मिरवते. पोरगी मला जीव लावून होती. मीही तिला.

सामन्याच्या सकाळी आमच्याकडे गुडघ्यांची तपासणी असते. फिजिओ स्टुलावर बसतो आणि प्रत्येकीला एका पायावर दहा, मग दुसऱ्या पायावर दहा उड्या मारायला लावतो. दुखरा पाय लगेच चुगली करतो. पण फिजिओचा अर्धा जीव कागदात असतो. हिची उडी बघत तो आधीच्या पोरीचे आकडे लिहितो.

उपांत्य सामन्याच्या सकाळी शिडीनं त्याच्याकडे तोंड करून उजव्या पायावर दहा मारल्या. मग बूट नीट करायच्या निमित्तानं ती वाकली, उठताना भिंतीकडे तोंड करून उभी राहिली, आणि पुन्हा उजव्याच पायावर दहा मारल्या. पाठ केली की उजवा पाय बघणाऱ्याच्या दुसऱ्या बाजूला जातो. बाजू बदलली म्हणजे पाय बदलला, असं कागदात डोकं घातलेल्या माणसाला वाटतं.

मी दारात उभी होते. चोराच्या वाटा चोरालाच ठाऊक. ही युक्ती बावीस वर्षांची असताना मीच केली होती, सुजलेला डावा गुडघा लपवायला. आमच्या तेव्हाच्या प्रशिक्षक सरांना पत्ता लागला नाही आणि नंतर ते बिचारे स्वतःलाच दोष देत राहिले.

एक शब्द पुरला असता. "आता डाव्या पायावर मार," एवढंच. तो ओठांपर्यंत आला होता. मग मला अध्यक्षांचा चेहरा दिसला, ती एकोणीस वर्षं दिसली. म्हटलं, एकच तर सामना आहे, निभेल. मी मूग गिळले आणि म्हणाले, "चला गं, आवरा लवकर."

तिसऱ्या सत्रात ती चेंडूसाठी उंच उडाली आणि डाव्या पायावर उतरली. तिची किंकाळी ऐकून मी जागेवरून हललेसुद्धा नाही. मला तो आवाज ओळखीचा होता. सामना आम्ही चार गुणांनी जिंकलो.

दुसऱ्या दिवशी दवाखान्यात गेले. डॉक्टरांनी बाहेरच सांगितलं: आधीच दुखावलेला गुडघा होता, दोन महिने विश्रांती मिळाली असती तर वाचला असता. आता चालेल, पण खेळ संपला.

मी आत जाताच तिची आई उठली आणि तिनं चक्क हात जोडले. "ताई, हिला पदरात घ्या. तुम्हाला फसवलं हिनं. काल सगळं सांगितलं मला. एवढं तुम्ही केलंत हिच्यासाठी, आणि हिनं असं वागावं?"

"सॉरी, ताई," शिडी म्हणाली. रडून रडून तिचे डोळे सुजले होते. "मी खोट्या उड्या मारल्या."

मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. गप्प राहणं सोपं होतं, आणि गप्प राहण्यात मी आता पटाईत झाले होते. पण ते जोडलेले हात मला बघवेनात.

"मी पाहिलं होतं," मी म्हणाले. "तू वळलीस तेव्हा मी दारातच होते."

शिडी ओल्या डोळ्यांनी हसली. "काहीतरीच हं, ताई. मला बरं वाटावं म्हणून सांगताय. पाहिलं असतं तर तुम्ही मला खेळवलंच नसतं."

मी नकारार्थी मान हलवली. तिचं हसू हळूहळू विरलं. आईचे जोडलेले हात खाली आले.

मग शिडीनं भिंतीकडे बघत विचारलं, "फायनलला माझ्या जागी कोण?"

माझ्याकडे नाव तयार होतं. मी ते दवाखान्याचा जिना चढतानाच ठरवलं होतं.