मांडणाऱ्याचं नाव

राज्य सरकारच्या वकीलबाई मिस पेनिंग्टन यांनी विधानसभेच्या कामकाजाचा जुना खंड उघडला आणि खूण घातलेलं पान वाचायला घेतलं.

"कायदा मांडणारे सदस्य म्हणाले होते, 'खाण सोडल्यावर तीन वर्षांत आजाराच्या भरपाईचा अर्ज करा, एवढंच सांगतोय. प्रामाणिक कामगाराचं यात काहीच जाणार नाही.'"

"सदस्याचं नाव वाचा," न्यायाधीश म्हणाले.

"महोदय, नाव घ्यायची पद्धत नाही."

"पद्धत ठाऊक आहे मला. वाचा."

बाई पुटपुटल्या, "व्हर्जिल टॅकेट."

व्हर्जिल टॅकेट समोरच काळा झगा घालून बसले होते. बारा वर्षं केंटकीच्या डोंगराळ भागाचे आमदार, सतरा वर्षं केंद्रीय न्यायाधीश. ही खुर्ची मरेपर्यंतची. मतं मागायची गरज संपली की चूक कबूल करायची गरज कुणाला उरते? खटल्याच्या पहिल्याच दिवशी त्यांनी सांगून टाकलं होतं, कायदा माझा आहे, कुणाची हरकत असेल तर मी बाजूला होतो. सरकार कशाला हरकत घेईल? स्वतःच्या पोराचा गळा कोण दाबतो? आणि सरकारवर दावा लावणारी डेल्फिया स्टिडम म्हणाली होती, "राहू दे त्यालाच. मला त्याचं तोंड बघायचंय."

कोळशाची धूळ छातीत वर्षानुवर्षं गप्प बसते. डेल्फियाच्या नवऱ्याला, एस्टिलला, धाप लागली ती खाण सोडल्यावर आठव्या वर्षी. मुदत टळली म्हणून अर्ज न वाचताच परत आला. तो मेला. आता तिला एवढंच हवं होतं, की कुणीतरी तो अर्ज वाचावा.

"त्या खंडात एखाद्या डॉक्टरची साक्ष आहे?" न्यायाधीशांनी विचारलं.

मिस पेनिंग्टन पानं उलटत राहिल्या.

"नाही, महोदय."

"नसणारच. मांडणाऱ्याने एकालाही विचारलं नव्हतं."

"मतं मागायला आलास तेव्हा माझ्या ओट्यावर बसून दोन वाडगे घेवडा अन् मक्याची भाकरी हाणलीस," डेल्फिया जागेवरूनच म्हणाली. "एस्टिललाच विचारायचंस की रे."

तिच्या वकिलाने तिची बाही ओढली. न्यायाधीशांनी मात्र तिला दटावलं नाही. चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला आणि निकाल सांगायला सुरुवात केली. रोग कळण्याआधीच दार लावणारा कायदा राज्यघटनेत बसत नाही. अर्ज वाचलाच पाहिजे.

खाली लिहून घेणाऱ्या लेखनिकाने मान वर केली. "महोदय, 'कायदा मांडणारे सदस्य' एवढंच ठेवू?"

"नाव घाल. पूर्ण."

सगळे उठले. न्यायाधीश आत गेल्याशिवाय कुणी हलायचं नाही, हा तिथला रिवाज. न्यायाधीशही उठले, पण आतल्या दाराकडे वळले नाहीत. डेल्फियाकडे बघत उभे राहिले.

आधी आपण जायचं, हे तिला कळायला वेळ लागला. मग तिने काठी उचलली आणि निघाली. गुडघा धड नव्हता. चार पावलं टाकून थांबायची, पुन्हा चार. अर्ध्या वाटेवर मागे वळली.

"उशीर केलास, व्हर्जिल."

"हो, बाई."

काठीचा आवाज दारापर्यंत गेला. दार लागलं. तरी टॅकेट उभेच होते, आणि खाली बसायची कुणाचीच छाती होईना.