सूर्य नसलेली पहाट

फोटोची स्लाइड आवडली नाही की आत्या तिला भोक पाडायची. त्यासाठी कमरेच्या पट्ट्यांना भोकं पाडायचा लोखंडी चिमटा तिने खास टेबलावर ठेवला होता. भिंगातून एक नजर, नाकातून एक फुत्कार, आणि कट्ट! आकाशातच भोक. मग ती स्लाइड कुणाला दाखवायची सोय उरत नसे, आणि आत्याला नेमकं तेच हवं असे.

"सख्खी बहीण आहे म्हणून सांगतो, तिच्या वाटेला जाऊ नकोस," असं भाचीच्या वडिलांनी आधीच बजावलं होतं. पण भाची हट्टी. ती लग्नांचे फोटो काढून पोट भरायची, अर्थात डिजिटलवर. नवरा-नवरी एकदा हसले की ही पन्नासदा बटण दाबणार, आणि तरी राहिलेल्या चुका कॉम्प्युटरवर निस्तरणार. त्या कामाचा तिला वीट आला होता. लहानपणी तिने पडद्यावर आत्याची एक स्लाइड पाहिली होती. धुक्यातलं तळं. सूर्य कुठेच नाही, तरी पाण्याकडे पाहून पहाट झाल्याचं कळतं. तेव्हापासून तिला तसं काहीतरी काढायचं होतं, आणि ते आत्याने चांगलं म्हणायला हवं होतं. दुसऱ्या कुणाच्या म्हणण्याला तिच्या लेखी किंमतच नव्हती.

आता स्लाइडचा कारभार मोठा निर्दय. कॅमेऱ्यात घातलेली फिल्मच धुऊन, चौकटीत बसून परत येते. निगेटिव्ह नाही, मागाहून डागडुजी नाही. उजेड जरा जास्त झाला की ढग जळतात, आणि जळलेलं ब्रह्मदेवालाही परत आणता येत नाही. आत्या तर नक्कलही कुणाला काढू द्यायची नाही. एक म्हणजे एकच.

पहिल्या दिवशी भाचीने बटण दाबलं आणि सवयीने कॅमेऱ्याच्या पाठीकडे पाहिलं.

"काय बघतेस तिथे? झाकण आहे ते," आत्या म्हणाली. "आणि हात हलतो तुझा. कॅमेरा स्टँडवर असूनही हलवतेस, धन्य आहे बाई तुझी!"

"शिकेन ना गं आत्या."

"शीक. ज्या दिवशी तुझी एक भोकाशिवाय ठेवीन, त्या वर्षी ती आपल्या फोटो क्लबच्या वार्षिक कार्यक्रमात माझ्या मागोमाग पडद्यावर लागेल."

भाची खरंच शिकली. आधी ढगाचा उजेड मोजायचा, सावली काळी पडली तर पडू द्यायची, हे तिच्या अंगवळणी पडलं. लॅबमधून आलेल्या चौकटी खिडकीशी धरल्या की ढग ढगांसारखे दिसू लागले. तरीही कट्ट. तिचा खोका भोकांनी भरत चालला. घरी नळ मोठा सोडून ती बाथरूममध्ये रडायची.

मग एकदा तिने नदीच्या कोरड्या पात्राची स्लाइड ठेवली. नुसते दगडगोटे. आत्याने भिंग लावलं.

"आकाश जळलंय," ती म्हणाली. कट्ट.

त्या फोटोत आकाश नव्हतंच.

त्या दिवशी भाचीने आत्याला पहिल्यांदा नीट पाहिलं. कप उचलण्याआधी टेबलावरून फिरणारी बोटं. जिना उतरताना भिंत न सोडणारा हात. उजेड-अंधार तेवढा कळत असावा, बाकी सगळा अंदाजपंचे कारभार. खरं तर दया यायला हवी होती. आली नाही. भाचीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. आपली एवढी मेहनत हिने न बघताच मातीत घातली!

पुढच्या खेपेला तिने आपल्या स्लाइड्समध्ये आत्याच्या डब्यातलं ते धुक्यातलं तळं सरकवलं. चिमटा उचलला की हात धरायचा आणि म्हणायचं, "आत्या, ही तुझीच." एवढाच बेत होता.

आत्याने भिंग लावलं. "पुन्हा तेच. किती वेळा सांगायचं गं, आकाश सांभाळ म्हणून?" तिने चिमटा उचलला, चौकट चाचपली, वरची कड शोधली. म्हातारी बोटं, सावकाश चालली होती. भाचीचा हात टेबलावर होता, चिमट्यापासून वीतभर. तो तिथेच राहिला.

कट्ट.

त्यानंतरची स्लाइड पाहून आत्या थकून म्हणाली, "ही बरी आहे. ठेव." भाचीला त्याचं काडीचंही सुख झालं नाही. भोक पडलेली पहाट तिने गुपचूप आत्याच्या डब्यात, तिच्या जागी ठेवून दिली. उद्या सांगू, परवा सांगू करता करता कार्यक्रमाचा दिवस उजाडला.

हॉल भरला होता. आत्या माइकपाशी, भाची प्रोजेक्टरपाशी. शेवटी आत्या दरवर्षीसारखी म्हणाली, "यात सूर्य शोधू नका. सापडायचा नाही."

भाचीने बटण दाबलं. धुक्यात, तळ्याच्या वर, एक पांढराशुभ्र, कातरल्यासारखा गोल लखलखला. गंमत समजून कुणीतरी हसलं. आत्या वळली. तेवढा उजेड तिला कळत होता. ती पडद्यापाशी गेली, हात वर केला, आणि तो गोल तिच्या तळव्यावर पडला. तिने तो थोडा वेळ तसाच धरला.

मग खुर्च्यांना धरत धरत ती भाचीपाशी आली.

"भोक माझ्याच चिमट्याचं ना?"

"हो."

"तू शेजारी होतीस."

"होते."

"आणि मला दिसत नाही, हे तुला माहीत होतं."

"हो, आत्या."

आत्याने धरलेली खुर्ची सोडली. मग लोकांकडे तोंड करून, माइक नसतानाही सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात ती म्हणाली, "आता माझ्या भाचीची स्लाइड बघा. हात हलतो म्हणून मी हिला फार बोलले. ते शब्द मागे घेते. हिच्याइतका स्थिर हात मी जन्मात पाहिला नाही."

लोकांनी जोरात टाळ्या वाजवल्या. भाचीचे वडीलही वाजवत होते.

"लाव," आत्या म्हणाली.