दहा नवे शब्द

त्या घराण्यात चाळिशी उलटली की माणूस वाढदिवसापेक्षा परीक्षेची धास्ती जास्त घ्यायचं. नुबियाच्या आईला चव्वेचाळिसाव्या वर्षी स्वतःच्या स्वयंपाकघराची वाट सापडेना. आजीचं तेच, पणजोबांचंही तेच. डॉक्टर म्हणत, हे तुमच्या रक्तातून वाहत आलेलं जनुक आहे. आईकडून मुलांत उतरेल किंवा उतरणार नाही, शक्यता निम्मी-निम्मी. विशीत सगळ्या भावंडांनी रक्त दिलं होतं. निकाल मेदेयीन शहरातल्या दवाखान्यात तयार होता, पण तो कुणी विचारायचा नाही असं त्यांनी मिळून ठरवलं होतं. त्यामुळे दर दोन वर्षांनी नर्सबाई फक्त स्मरणशक्ती तपासायच्या. दहा शब्द ऐकवायचे आणि दहा मिनिटांनी परत विचारायचे.

पण शब्द वर्षानुवर्षं तेच! 'गाय, खिडकी, भोपळा, चमचा...' पहिल्यांदा जाऊन आलेल्या मामानं ते घरभर शिकवले आणि पुढे पोरी त्यावर दोरीच्या उड्या मारू लागल्या. ज्याला जेवलो की नाही हे आठवत नसे, तोही दहाच्या दहा शब्द घडाघडा म्हणून दाखवी. असं हे शहाण्यांचं घराणं!

नुबियाला त्रेचाळिसावं लागलं आणि तिची पाचावर धारण बसली. महिनाभरात दोनदा मक्याच्या आरेपा करपवल्या, आणि रविवारी चर्चच्या दारात खुद्द पाद्रीबाबांना कुत्र्याच्या नावानं हाक मारली. थोरली रोसाल्बा मात्र खुशीत होती. सत्तेचाळीस पूर्ण झाल्यावर, इतक्या उशिरा घरात कुणाला झालं नाही म्हणून, 'मी सुटले' म्हणत तिनं डुक्कर कापून गल्लीला जेवण घातलं होतं, आणि परीक्षेलाही रामराम ठोकला होता. नुबियासोबत घरचं माणूस लागतं, म्हणून तीच बसमधून आली.

"पाद्रीबाबा काही बोलले नाहीत, पण कुत्रा अजून रुसलाय," तिनं नर्सबाईंना रंगवून सांगितलं.

"ताई, पुरे!" नुबिया लाजून लाल झाली.

नर्सबाई येसेनिया हसल्या. "बरं, आता ऐका. कंदील, मेंढी, साबण, पूल..."

"अहो, हे कुठले?" नुबियानं त्यांना मध्येच थांबवलं. "गाय, खिडकी कुठे गेली?"

"तुमच्या भाचीनं मला फोनवर सगळे म्हणून दाखवले. तेव्हापासून बदललेत."

नुबियानं शब्द तीनदा ऐकले, शेजारी बसलेल्या रोसाल्बानंही. मग नर्सबाईंनी गप्पा मारल्या, घड्याळाचं चित्र काढून घेतलं. दहा मिनिटांनी विचारलं तेव्हा नुबियाला दरदरून घाम फुटला होता. कंदील आला, मेंढी आली, पूल आला, अडखळत सहा झाले.

"छान. तुमची झोप उडालीय नुबियाबाई, डोकं नाही," येसेनिया म्हणाल्या. "रात्री जरा झोपत चला."

बाहेर आल्या आल्या नुबियानं गाडीवरून गरमगरम तळलेले, साखर लावलेले बुन्युएलो घेतले. तिला नाचावंसं वाटत होतं. दोघी बसथांब्याच्या बाकावर बसून खाऊ लागल्या.

"सहाच?" रोसाल्बानं भुवया उडवल्या. "मी असते तर दहाच्या दहा."

"मोठी आलीस! म्हण बघू."

"गाय, खिडकी, भोपळा, चमचा..."

"अगं, ते जुने. आजचे म्हण."

"आजचे?" रोसाल्बानं बोटांवरची साखर चाटली. "आज कुठे काय विचारलं त्यांनी? नुसत्या गप्पाच तर मारल्या."

नुबिया हसली, थट्टा असेल म्हणून. मग तिनं बहिणीच्या तोंडाकडे नीट पाहिलं. तिथे थट्टा नव्हती. हातातला बुन्युएलो तिनं कागदावर परत ठेवला. दोन वर्षं ताईची परीक्षाच झाली नव्हती, कारण ती सुटली आहे असं सगळेच धरून चालले होते. नुबियासुद्धा.

"हो गं," ती कशीबशी म्हणाली. "माझाच घोटाळा झाला."

"बघ, खरंच काहीतरी झालंय तुला." रोसाल्बा जवळ सरकली. "रडतेस काय वेडे? मी आहे ना तुला सांभाळायला."

तिनं आपल्या रुमालानं नुबियाचे डोळे पुसले, आणि नुबियानं ते पुसू दिले.