श्रावणातली दाढी

नूतनच्या हनुवटीवर केस होते. पाच-सात नव्हेत, चांगले दाट. एकोणिसाव्या वर्षी ते उगवायला लागले आणि तेव्हापासून ती हनुवटी तिची एकटीची राहिलीच नाही. पेणजवळच्या त्या खाडीकाठच्या गावात प्रत्येक बाईकडे नूतनसाठी एकेक उपाय तयार होता.

आईने, सगुणाने, दोन वर्षं डाळीचं पीठ आणि हळद चोळली. हनुवटी पिवळी झाली, केस होते तिथेच राहिले. रंभाआत्याने अलिबागहून कसलंसं क्रीम आणलं. त्याने केस गेले, पण कातडीही सोलून निघाली. मग पेणला पार्लर निघालं. तिथे दोऱ्याने केस उपटून घेतले, तर पुढचे चार दिवस हनुवटीवर पुरळ आणि पुरळात पू. कुणी सांगितलं, मुंबईला करंट देऊन मुळं जाळतात, एकेक केस धरून, महिनोन् महिने. सोसायचं कुणी, तर नूतनने. आणि ठरवायचं कुणी, तर बाकी सगळ्या गावाने.

शेवटी तिने स्वतःच ठरवलं. पेणच्या बाजारातून रेझर आणला. दुकानदाराने विचारलं तेव्हा भावासाठी म्हणाली. तिला भाऊ नव्हता. न्हाणीला कडी लावून तिने साबण फासला आणि दोन-तीन मिनिटांत हनुवटी साफ केली. पुरळ नाही, आग नाही, काही नाही. ती गणपतीच्या कारखान्यात मूर्तींचे डोळे आखायची, तेव्हा हात थरथरण्याचा प्रश्नच नव्हता. सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनाही तिने विचारून घेतलं. वस्तऱ्याने केस जाड होतात हे खोटं आहे, त्या म्हणाल्या, तुला सोसतंय ना, मग खुशाल कर.

हे घरी कळलं तेव्हा सगुणा रडायलाच बसली. आत्याच्या मते घराण्याची अब्रूच गेली. पिठाने पिवळी, क्रीमने लाल आणि दोऱ्याने पुवाळलेली हनुवटी या दोघींना चालत होती. साफ हनुवटी मात्र चालेना, कारण ती वस्तऱ्याची होती.

त्यातच रोह्याचं स्थळ आलं. मुलगा हरेश, तिथल्या एका कंपनीत कायम झालेला. फोटो पाहून नूतनला तो आवडला होता, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. गुळगुळीत गालांचा, हसऱ्या डोळ्यांचा. हे लग्न व्हावं असं तिलाही मनापासून वाटत होतं. ती मंडळी दर श्रावणात गणपतीची मूर्ती सांगून ठेवायला पेणला यायची. त्याच फेरीत मुलगी बघायची असं ठरलं.

आत्या आदल्या दिवशीच येऊन बसली. आपल्यात मुलगी मनात भरली की सासू तिच्या हनुवटीला बोटं लावते आणि ती ओठांना टेकवून मुका घेते. बोटांना खुंट लागले तर काय, हा आत्याचा घोर. म्हणून दोराच हवा, असं तिचं म्हणणं. पुरळ उठेल, असं नूतनने सांगितलं, तर आत्याचं उत्तर तयार होतं. पुरळ उष्णतेचं म्हणून खपवता येतं, खुंट कशाचे म्हणून खपवशील? नूतनने तिचं ऐकलं नाही. सकाळी तिने रेझर फिरवला. दुपारपर्यंत हनुवटी मऊ राहील, एवढी तिला खात्री होती.

पाहुण्यांची जीप वडखळच्या नाक्यावर अडकली. दुपारी येणारी माणसं दिवेलागणीला आली.

हरेश खाली उतरला आणि नूतन बघतच राहिली. फोटोतले गाल कुठे गेले होते कोण जाणे. निम्मा श्रावण उलटला होता आणि निम्म्या श्रावणाची दाढी तोंडभर होती, इथे दाट, तिथे विरळ, कानाखाली झुबका. त्याचं कुणाला काहीच वाटलं नाही. उलट रंभाआत्या कौतुकाने विरघळली. मुलगा श्रावण पाळतो, म्हणाली, आजच्या दिवसांत कुठे बघायला मिळतं हे. नूतनच्या अंगाचा तिळपापड झाला. त्याच्या तोंडावरचे केस म्हणजे धर्म, आणि तिच्या तोंडावरचे म्हणजे कलंक, असा हा हिशेब होता आणि घरात कुणालाच त्यात वावगं दिसत नव्हतं.

प्रश्न विचारून झाले, उत्तरं पसंत पडली. हरेशची आई चंद्रावती हसत उठली आणि तिने नूतनच्या हनुवटीला बोटं लावली. बोटं तिथेच थांबली. मग ती ओठांकडे गेली नाहीत. चंद्रावतीने ती पदराला पुसली.

मग चंद्रावतीने आपलं म्हणणं अगदी गोड आवाजात मांडलं. मुलगी चांगली आहे, नाही म्हणायचं कारण नाही. फक्त लग्नाआधी मुंबईला नेऊन करंटने मुळं जाळून घ्या, आणि तोवर वस्तऱ्याला हात लावू नका. सगुणाने लगेच मान हलवली. बाप विठू, आयुष्यभर मिठागरात राबलेला माणूस, तो तर हात जोडून उभा राहिला. सांगाल ते करू, म्हणाला.

नूतनने हरेशकडे पाहिलं. "तुमाला काय वाटतं?"

"मना काय नाय," तो दाढी खाजवत म्हणाला. "पन आई म्हनते तसं करून घे. एकदाच तर सोसायचं हाय."

"तुमची दाढी खाजते ती मना दिसते," नूतन म्हणाली. "श्रावन सरला का तुमी ती काढाल. तुमाला कोन करंट देनार नाय. मी पन काढते, मना सोसतं तसं. ह्ये चालत असंल तर व्हय म्हना."

हरेशने आईकडे पाहिलं. तिथेच सगळं संपलं. पोह्यांच्या बश्या तशाच राहिल्या आणि जीप निघून गेली.

आत्याने उंबऱ्यात बसून नूतनचा उद्धार केला. सगुणा चुलीपुढे हुंदके देत राहिली. नूतनही रडली, कारण तो तिला खरंच आवडला होता. चंद्रावतीचा राग होताच, पण त्याहून जास्त राग बापाच्या त्या जोडलेल्या हातांचा होता. तिच्यात असं काय वाईट होतं की त्याने हात जोडावेत?

सकाळी ती न्हाणीत गेली नाही. रेझर आणि साबण घेऊन पडवीत आली आणि खांबावरच्या आरशासमोर, भर उजेडात उभी राहिली. शेताकडे निघालेल्या बायका थबकल्या. नूतनने हनुवटीला फेस लावला.

विठू मागून आला. तो काय बोलेल म्हणून तिने अंग चोरलं. त्याने हातातला तांब्या तिच्याजवळ ठेवला.

"गार पान्यानं कातडी कापते," तो म्हणाला. "ऊन पानी घे."

मग तोही खांद्यावर टॉवेल टाकून, दाढीचा ब्रश हातात घेऊन तिच्या मागे उभा राहिला. बांधावरून जाणारा शेजारचा नाथा कुतूहलाने थांबला आणि त्याने विचारलं, "विठूदादा, काय चाल्लंय?"

"दाढी करतोय आमी," विठू म्हणाला. "आधी तिची होऊ दे."