धाकटीच्या बशीतली जखम

धाकट्या जावेचं कौतुक घरी ऐकायचं ते ऐकायचंच, वर प्रयोगशाळेतही ऐकायचं, असं माझं नशीब. नव्या विभागाची प्रमुख आम्हा दोघींपैकी एकच होणार होती. मी इथे तिच्या कितीतरी आधीपासून, पण सरांच्या तोंडी उठताबसता तिचंच नाव. माझ्या पोटात दुखायचं, खोटं कशाला बोलू?

तिचा प्रयोग तसा साधा. बशीत वाढवलेल्या पेशींच्या थरावर ओरखडा काढायचा, बशी कोमट पाण्यात ठेवायची आणि खालून अल्ट्रासाउंड सोडायचा. सौम्य ध्वनीने पेशी लवकर सरकतात आणि जखम बुजते, असं तिचं म्हणणं. त्याच मशीनवर माझ्या पेशी फुटून मेल्या होत्या. "ताईंनी जोर जरा जास्तच ठेवला असेल," असं ती चारचौघांत गोड आवाजात म्हणालीही होती.

आणि मग मला तिची चूक सापडली. तुलनेसाठीची, ध्वनी न दिलेली बशी ती उबेच्या कपाटातून बाहेरच काढत नव्हती.

बैठकीत मी विचारलं, "दुसरी बशी पाण्यात ठेवलीच नाहीस ना? मग जखम ध्वनीने भरली की कोमट पाण्याने?"

तिचा चेहरा उतरला. त्या दिवशी मला जेवण फार गोड लागलं.

सर मला म्हणाले, "शंका तुमची, तर तपासाही तुम्हीच."

मी कंबर कसली. दोन्ही बश्या त्याच पाण्यात ठेवल्या, एकीच्या वेळी मशीन बंद. ध्वनीवालीची जखम बुजली, दुसरीची उघडीच. मग ध्वनीने पाणी जेवढं तापतं, तेवढं नुसतंच तापवून पाहिलं, तरी जखम उघडीच. कुठली बशी कुठली हे न सांगता तिसऱ्याकडून मोजून घेतलं. पेशी माझं ऐकतील तर शपथ.

सगळं पाहून सर म्हणाले, "आता याला कुणी नख लावू शकणार नाही." विभाग धाकटीला मिळाला. तपासणीचं काम मला, तिच्या हाताखाली.

घरी आल्या आल्या ती सासूबाईंना म्हणाली, "आई, ताईंनी माझ्यासाठी जिवाचं रान केलं हो. सख्ख्या बहिणीनेही केलं नसतं."

तिचे डोळे खरोखरच भरून आले होते. सासूबाईंनी इतक्या वर्षांत प्रथमच माझ्या पाठीवरून हात फिरवला.

"थोरली ती थोरलीच," त्या म्हणाल्या.

आणि खरं काय ते सांगायला माझी जीभ रेटेना.