भिंत सोडलेली वेल

मी विस्टेरियाची वेल बोलते आहे. जन्माने वेल. आज मला पाहाल तर बुंधा, डोकं, सावली, सगळं झाडासारखं दिसेल. पण स्वभाव वेलीचाच राहिला, आणि आधार नसलेल्या वेलीचा जीव कसा टांगणीला लागलेला असतो ते तुम्हाला सांगायचं आहे. वारा पडला आहे तोवर सांगून घेते.

रोपवाटिकेत आईची एक फांदी वाकवून मातीत दाबली होती. तिला मुळं फुटली, ती मी. तिथे भोवताली काठ्या होत्या, तारा होत्या. हात लांबवला की काही ना काही हाती लागायचं. जग असंच असतं, असं मला वाटत होतं.

एके दिवशी कामावरून परतताना एक बाई तिथे थांबली. दवाखान्यात पट्ट्या बांधायच्या खोलीत ती नर्स होती. माझ्या डब्यावर जांभळ्या घोसांचं चित्र चिकटवलेलं होतं. ते तिने बराच वेळ न्याहाळलं आणि मला उचलून घरी आणलं. घर सासरचं. भांडी सासूबाईंच्या हातची, कपाट दिराने केलेलं, पडदे नणंदेच्या पसंतीचे. त्या घरात तिने स्वतःच्या मनाने आणलेली पहिली वस्तू मीच.

घरात माणसं तीन. ती, तिचा नवरा आणि धाकटा दीर. दीर गवंडी होता, लोकांची घरं दुरुस्त करायचा. तो तिला वहिनी म्हणायचा, ती त्याला भाऊजी. नवरा शांत. कोणीही काहीही बोललं की मान डोलवायचा, त्यामुळे तो नक्की कोणाच्या बाजूने आहे हे घरात कधीच कळलं नाही.

भिंतीलगत खणताना दगड लागले, म्हणून माझा खड्डा तीन हात अलीकडे खणला आणि तिथून भिंतीपर्यंत एक दोरी बांधून दिली. दोरीवरून मी भिंत गाठली, भिंतीवरून पावसाच्या पाण्याचा पाइप, तिथून कौलं. सहा वर्षं मी जे सापडेल ते धरत गेले. फूल मात्र एकही नाही. शेजारणी विचारायच्या, "काय सिस्टर, घोस आले का?" ती म्हणायची, येतील.

खरं सांगते, माझ्या मनात काही वाईट नव्हतं. पाण्यात पडलेला माणूस वाचवणाऱ्याचाच गळा आवळतो, तशी मी तो पाइप आवळत होते. शेवटी एका पावसात तो तडकला. पाणी भाऊजींच्या खोलीच्या भिंतीत मुरलं. त्या भिंतीला त्यांनी स्वतःच्या हाताने दोनदा गिलावा केला होता.

ते करवत घेऊनच बाहेर आले. ही वेल एक दिवस घर खाईल, तुम्ही बाजूला व्हा, असं ते वहिनींना म्हणाले. वहिनी कधी आवाज चढवून बोलायच्या नाहीत. तेव्हाही चढवला नाही.

"भाऊजी, या घरात मी आणलेलं एवढं एकच आहे."

भाऊजींनी करवत जमिनीवर टेकवली. नवऱ्याने मान डोलवली. भाऊजी म्हणाले, "स्वतःच्या पायावर उभी राहणार असेल तर राहू दे. तीन वर्षं देतो. त्यानंतर दोरी नाही, काठी नाही, आणि भिंत तर नाहीच. नाही जमलं तर मी पुन्हा विचारायला येणार नाही."

दुसऱ्याच दिवशी वहिनी रोपवाटिकेतल्या म्हाताऱ्या माळ्याकडे गेल्या. वेलीचं झाड करता येतं, पण पहिल्या वर्षी दयामाया दाखवायची नाही, असं त्याने बजावलं. आधी गुडघ्याएवढी ठेवून सगळी छाटायची. फुटव्यांतला एकच ठेवायचा, तो लोखंडी पाइपाला सरळ बांधायचा. पाइपाभोवती गुंडाळू द्यायचा नाही, नाहीतर पाइप जन्मात निघणार नाही.

थंडीत माझी पानं गळल्यावर वहिनींनी मला कापलं. जखमा बांधण्यात हयात गेलेले हात ते, आता करवत चालवत होते. सहा वर्षांत मी मिळवलेलं सगळं अंगणात ढीग होऊन पडलं.

थंडी ओसरल्यावर मला आठ कोंब फुटले. वहिनी कामावर जाण्याआधी माझ्यापुढे उकिडव्या बसायच्या. आज एक पसंत करायच्या, उद्या तो वाकडा वाटायचा. दहा दिवस हेच. घराचं कुलूप तीनदा ओढून पाहणारी बाई ती, तिला एवढा मोठा निर्णय कसा झेपावा? अकराव्या दिवशी त्यांनी डोळे मिटल्यासारखं करून सात कोंब उडवले. माझा सगळा जीव त्या एका कोंबात उरला.

मग पाइप ठोकला गेला. जुन्या चादरीच्या पट्ट्या फाडून त्यांनी मला पाइपाशी इंग्रजी आठच्या आकड्यासारखं, मध्ये फुली देऊन बांधलं. प्रत्येक पट्टीखाली त्या आपलं एक बोट सरकवून बघायच्या. बोट गेलं नाही तर गाठ सोडून पुन्हा बांधायच्या. "रक्त अडतं गं," असं पुटपुटायच्या. मला कुठलं रक्त, पण मला समजायचं.

रोज माझा शेंडा नकळत पाइपाभोवती वळायला लागायचा. रोज सकाळी त्या तो हलकेच उलगडायच्या. मला लाज वाटायची. दुसऱ्या दिवशी मी पुन्हा वळलेली.

दुसऱ्या वर्षी घात झाला. दुपारची वेळ, घरात कोणी नव्हतं. भाऊजी खांद्यावर शिडी घेऊन अंगणातून निघाले आणि वळताना शिडीचं मागचं टोक मला बसलं. काडकन आवाज झाला. छातीएवढ्या उंचीवर मी मोडले आणि सालीच्या आधारावर लोंबू लागले.

भाऊजींनी शिडी खाली ठेवली आणि दाराकडे पाहिलं. आता संपलं, असं मी मनाशी म्हटलं. त्यांनी नुसतं निघून जाणं पुरेसं होतं. वाऱ्यावर आळ आला असता, आणि त्यांची भिंत कायमची सुटली असती.

ते गेले, आणि हत्यारांच्या पिशवीतून दोन पट्ट्या लाकडाच्या आणि चिकटपट्टी घेऊन आले. मोडलेला भाग त्यांनी सरळ केला, दोन्ही बाजूंनी लाकूड लावलं आणि करकचून गुंडाळलं. "असं नको," ते स्वतःशीच म्हणाले, "शब्द दिलाय मी."

संध्याकाळी वहिनी आल्या आणि फाटकातच थबकल्या. हजारो पट्ट्या पाहिलेले डोळे ते. ही पट्टी कोणी बांधली हे त्यांना एका नजरेत कळलं असावं, कारण त्यांनी भाऊजींच्या खिडकीकडे पाहिलं. मग चिकटपट्टी सोडली, लाकडं होती तशीच ठेवली आणि वरून एक बोट जाईल एवढं सैल बांधलं. तेवढ्यात नवरा बाहेर आला. वेलीला काय झालं, म्हणून त्याने विचारलं.

"वारा होता," वहिनी म्हणाल्या.

त्या दिवशी पान हललं नव्हतं. खिडकीआड भाऊजी खोकले.

महिनाभर मी जगते की मरते हे मलाच माहीत नव्हतं. मोडलेल्या जागेच्या वरची पानं कोमेजली, काही गळली. वहिनी सकाळ-संध्याकाळ माझी साल नखाने जरा खरवडून आत हिरवं आहे का ते बघायच्या. कधीकधी त्या आत गेल्यावर भाऊजीही येऊन तेच करायचे. शेवटी तिथे गाठ धरली. जाड, ओबडधोबड गाठ, पण धरली.

मी डोक्याच्या वर गेले तेव्हा वहिनींनी माझा शेंडा खुडला. मग माथ्यावर फांद्या फुटल्या. उन्हाळ्यात वहिनी त्या पाच-सहा पानं ठेवून छाटायच्या, थंडीत फुटीचे दोन डोळे ठेवून. बुंधा मनगटाएवढा झाला. शेजारणी आता मला "ते झाड" म्हणू लागल्या. इतकी वर्षं मी "ती" होते, बघता बघता "ते" झाले. मला विचारलं कोणी नाही.

तीन वर्षं भरली. भाऊजी काही बोलेनात. उलट आठवडाभर ते मागच्या दाराने ये-जा करत होते. वहिनींना ते सहन होईना. टांगती तलवार बघत बसण्यापेक्षा ती पडलेली बरी, असा त्यांचा स्वभाव. एका सुट्टीच्या दिवशी त्यांनीच हाक मारली, "भाऊजी, या. आज सोडू."

एकेक पट्टी सुटत गेली. शेवटची, सगळ्यात वरची, उरली. तिच्या गाठीवर वहिनींची बोटं थांबली ती हलेनात.

"पडलं तर करवत तुम्हीच चालवा," त्या म्हणाल्या. "मला दुसऱ्यांदा नाही जमणार."

"सोडा वहिनी. पडलं तर परत बांधू."

"तसं ठरलं नव्हतं."

"ठरवलं मीच होतं ना?"

वहिनींनी गाठ सोडली. भाऊजींनी पाइप हलवून हलवून उपसून काढला. माझ्या अंगाजवळ अचानक काहीच उरलं नाही. सहा वर्षांच्या भिंतीनंतर आणि तीन वर्षांच्या पाइपानंतर पहिल्यांदाच नुसती हवा. मी कलले. एक वीत, दीड वीत. मग मुळांनी कुठेतरी खाली घट्ट धरलं आणि मी थांबले.

दहा दिवसांनी वादळ आलं. वहिनी कामावर होत्या. माझ्या बुडाशी एका बाजूने माती भेगाळली. भाऊजी भर पावसात बाहेर आले, पण पाइप आणला नाही. भेगेत दगड बसवले, जमीन चोपायच्या धुमसाने माती ठोकून घट्ट केली आणि पाऊस ओसरेपर्यंत तिथेच उभे राहिले. वहिनी चिंब भिजून धावत आल्या. फाटकाबाहेरूनच त्यांनी विचारलं, "आहे?"

"आहे," भाऊजी म्हणाले.

तेव्हापासून मी अशी उभी आहे, किंचित तिरकी. फांद्यांच्या टोकांना काही टपोरं आलं आहे. कळ्या आहेत की पानंच, मला सांगता येत नाही. वाऱ्याचा झोत आला की अजूनही माझे कोवळे शेंडे भिंतीच्या दिशेने चाचपडतात. वहिनी ते छाटतात.

लोकांना मात्र आता मी भक्कम वाटू लागले आहे. बोलता बोलता कोणी माझ्यावर हात टेकतं, कोणी पिशवी अडकवतं, कोणी दमून पाठ लावतं. तुम्हीही कधी या अंगणात आलात तर सावलीत खुशाल बसा. पण माझ्यावर टेकू नका. नकार नाही देत, थोडी मुदत मागते आहे.