निकालाच्या दिवसाचं पाणी

“काका, माझं नाव कुठंय? लवकर सांगा ना!”

“थांब वं, निशा! टाचणी तं टोचू दे. निकाल काय पळी जाई ऱ्हायना का?”

नोटीस बोर्डासमोर ही गर्दी उसळलेली आणि मधोमध खांबासारखे उभे कॉलेजचे शिपाई, भिलाकाका! बावीस वर्षं यादी तेच लावत. एटीकेटीचे नियम प्राध्यापकांपेक्षा त्यांना पाठ. कुणाचे किती विषय राहिले, कोण वरच्या वर्गात बसणार, कुणाचं वर्ष गेलं, नुसतं बोट फिरवून सांगायचे. शेजारी स्टुलावर पाण्यानं भरलेला पितळी ग्लास. तो नापासांसाठी. गेल्या वर्षी मोलगीची निशा दोन विषयांत राहिली, गावी कुठल्या तोंडानं जाऊ म्हणून रडली, तेव्हा तोच ग्लास तिच्या हातात देत काका म्हणाले होते, “रडू नको, बेटा. दार नुसतं लोटेल शे, कुलूप नही लागनं.”

“निशा! दोन्ही विषय सुटनात! पेढा लयी ये!”

पोरगी टुणकन उडालीच.

“आते तुमना नवनीतनं पाहा, भिलाभाऊ,” ग्रंथालयातला भरत मागून म्हणाला. “शिपाईना पोरगा साहेब व्हई ऱ्हायना!”

काका हसले. बोट ऐटीत खाली सरकलं. आणि थांबलं.

सहा विषय. सहाही ठिकाणी गैरहजर.

नुसता नापास असता तर काकांनी गिळलं असतं. पण परीक्षेचं केंद्र नंदुरबारला. सहाही दिवस काकांच्या बायकोनं, सिंधुबाईनं पहाटे उठून पोराला डबा बांधून दिला, काकांनी स्वतः एसटीत बसवलं. संध्याकाळी डबा चाटूनपुसून रिकामा यायचा.

“पेपर कसा गया रे?”

“एक नंबर, आबा!”

“काय व्हयनं, भिलाभाऊ?” भरत पुढे वाकला.

काकांनी यादीचा तो कोपरा तळहाताखाली दाबला. “काही नही. एक टाचणी कमी पडनी.”

निशानं मात्र बोटांच्या फटीतून नाव वाचलं होतं. तिनं गुपचूप ग्लास आणून त्यांच्या मोकळ्या हातात दिला. “दार नुसतं लोटलंय, काका. तुम्हीच म्हणाला होता ना?”

सहाच्या सहा गैरहजर म्हणजे कुलूप, वर्ष गेलंच. हा नियम निशाला ठाऊक नव्हता.

“हां बेटा,” काका म्हणाले आणि ग्लास तोंडाला लावला. पाणी संपलं तरी भिंतीवरचा हात त्यांनी काढला नाही.